गाठ साधी होती, मग बोटे का आखडतात?

वाचकांचे पत्र

माझे वय ४६ असून मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पाच आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून माझी थायरॉइड ग्रंथी पूर्णपणे काढण्यात आली. गळ्याची गाठ बरीच वर्षे होती, पण गेल्या वर्षभरात उताणे झोपले की श्वास अडायचा आणि भाकरीचा घास घशाखाली उतरत नसे. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका एका बाजूला सरकलेली दिसली आणि गाठ छातीच्या हाडामागे उतरल्याचे कळले. काढलेल्या ग्रंथीच्या अहवालात कर्करोग नाही, मल्टिनोड्युलर गॉयटर (अनेक गाठींनी वाढलेली ग्रंथी) आहे, असे लिहिले आहे. घरी सोडताना कॅल्शियमच्या गोळ्या १५ दिवसांसाठी दिल्या होत्या, त्या संपल्या. त्यानंतर आठवड्याभरात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात, आणि परवा भाजी चिरताना उजव्या हाताची बोटे आखडून तशीच राहिली. शस्त्रक्रियेपासून आवाज बसलेला आहे आणि पाणी पिताना ठसका लागतो. थायरॉइडची गोळी मी सकाळी चहाबरोबर घेते. गावातल्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी आणि ॲसिडिटीची गोळी दिली व टेन्शन घेऊ नका असे सांगितले. सासूबाई म्हणतात, साधीच गाठ होती तर गळा कापून घ्यायची काय गरज होती? आता मलाही तसेच वाटते. हे सगळे कायमचे आहे का? माझ्या नणंदेच्या गळ्यातही १८ मिलिमीटरची एक गाठ निघाली आहे. सुईची तपासणी साधी आली, टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, त्रास काही नाही, तरी तिला पूर्ण ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. तिने काय करावे?

एक वाचक, सातारा जिल्हा

सल्ला

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील इतर प्रश्नांना दोन-चार दिवस थांबता येईल, परवा आखडलेल्या बोटांना मात्र थांबता येणार नाही. हे उत्तर वाचून होताच आपल्या सर्जनना फोन करा आणि शक्य तर आजच, नाहीतर उद्या सकाळी रक्ताची तपासणी करून घ्या. त्यात कॅल्शियम आणि अल्ब्युमिन दोन्ही हवेत, कारण रक्तातील जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते आणि अल्ब्युमिन माहीत नसेल तर कॅल्शियमच्या आकड्याचा अर्थ नीट लावता येत नाही. त्याबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन म्हणजे पीटीएच, एवढ्या तपासण्या एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून होतात. हृदयाचा आलेखही काढून घ्यावा, कारण कॅल्शियम फार उतरले असेल तर त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो आणि तो आलेखात दिसतो.

मात्र हाताचे पंजे पुन्हा आखडले, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, छातीत धडधड झाली किंवा झटका आला, तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे पोहोचताच थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढलेली आहे आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद झालेल्या आहेत, ही दोन वाक्ये सर्वांत आधी सांगावीत. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले जाते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच आराम पडू लागतो.

हे का होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते समजले की पुढची औषधे का आणि कशी घ्यायची हे आपोआप उमगते. थायरॉइडच्या मागच्या बाजूला, बहुतेक माणसांत, चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचा थायरॉइडच्या कामाशी संबंध नसतो, शेजार तेवढा असतो. त्या पीटीएच तयार करतात आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. प्रत्येक ग्रंथी तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते, रंग आजूबाजूच्या चरबीसारखा पिवळसर तपकिरी असतो आणि तिला रक्त पुरवणारी वाहिनी केसासारखी बारीक असते. सर्जनने चारही ग्रंथी ओळखून जागच्या जागी ठेवल्या तरी थायरॉइड सोडवताना हा रक्तपुरवठा दुखावू शकतो, आणि मग त्या काही आठवडे, कधी काही महिने काम करत नाहीत. गाठ मोठी आणि छातीत उतरलेली असेल, तशी तुमची होती, तर ही शक्यता वाढते. शस्त्रक्रियेआधी शरीरात ड जीवनसत्त्व कमी असेल तरीही त्रास लवकर जाणवतो, आणि आपल्याकडे ही कमतरता घरोघर सापडते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार सर्जनना मोठे कोडे होता. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर, दोघेही गलगंडाच्या शस्त्रक्रियांतले नामवंत. बिलरोथ यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातपाय आखडण्याचा त्रास व्हायचा, तर कोखर यांचे रुग्ण काही महिन्यांनी सुजट आणि मंद होत. दोघांचाही हात सफाईदार असताना हा फरक का, याचे उत्तर अमेरिकेतले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी नंतर दोघांच्या कामाच्या पद्धतीत शोधले. कोखर संथपणे, रक्त न सांडता ग्रंथी पूर्ण सोडवून काढत, त्यामुळे थायरॉइड पुरते जाई आणि शेजारच्या पॅराथायरॉइड वाचत. बिलरोथ झपाट्याने काम करत, त्यामुळे थायरॉइडचा काही भाग मागे राही आणि पॅराथायरॉइडना मात्र इजा होई. आज या ग्रंथी सर्जनना नीट ठाऊक आहेत, त्या शोधून वाचवल्याही जातात, तरी संपूर्ण थायरॉइड काढल्यानंतर शंभरातील साधारण २० ते ३० रुग्णांचे कॅल्शियम काही काळ उतरतेच. तेव्हा तुमच्या मुंग्यांवरून शस्त्रक्रिया चुकली असा निष्कर्ष काढू नये.

आता औषधांकडे वळू. तुमच्या पत्रातली तीन औषधे आणि त्यांच्या वेळा मला खटकल्या.

पहिली गोष्ट ड जीवनसत्त्वाच्या पुडीची. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची ही पुडी आपल्याकडे सर्रास दिली जाते आणि शरीरातला साठा भरून काढायला ती चांगलीच आहे. पण पुडीतले जीवनसत्त्व कच्च्या रूपात असते. आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याचे रूपांतर व्हावे लागते, आणि मूत्रपिंडातील ही शेवटची पायरी पीटीएचच्या हुकमावर चालते. तुमच्या शरीरात सध्या तेच हार्मोन अपुरे असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे अशा रुग्णांना कॅल्शियमच्या जोडीने कॅल्सिट्रिऑल, म्हणजे मूत्रपिंडाची पायरी ओलांडून आलेले तयार रूप, द्यावे लागते. ते ०.२५ मायक्रोग्रॅमच्या लहान कॅप्सूलमध्ये मिळते. पुडी आणि कॅल्सिट्रिऑल यांची कामे वेगळी आहेत. एक चालू आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही, असे औषधाच्या दुकानात कोणी सांगितले तरी ते मानू नये.

दुसरी गोष्ट ॲसिडिटीच्या गोळीची. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात आणि ते कॅल्शियम शोषले जाण्यासाठी पोटात आम्ल लागते. म्हणूनच ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. रोज सकाळी पँटोप्राझोलसारखी आम्ल दाबणारी गोळी घेऊन वर कॅल्शियम कार्बोनेट घेतले, तर त्यातले बरेचसे वाया जाते. ॲसिडिटीची गोळी खरोखरच आवश्यक असेल तर डॉक्टर कॅल्शियम सायट्रेट देतील, त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. पण ती गोळी तुम्हाला नेमकी कशासाठी दिली आहे, हे एकदा विचाराच. आपल्याकडे कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर ती जणू दक्षिणा म्हणून येते.

तिसरी गोष्ट थायरॉइडच्या गोळीची. ही गोळी पहाटे उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्यात, नाहीतर कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवते आणि ती रक्तात पुरेशी पोहोचत नाही. तुमच्यासाठी सोपे वेळापत्रक असे होईल: पहाटे थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम. दिवसातून तीनदा कॅल्शियम सांगितले असेल तर न्याहारीऐवजी शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या डब्याबरोबर एक घ्यावे. आतापर्यंत गोळी चहाबरोबर गेल्यामुळे लगेच काही बिघडत नाही. या गोळीतील हार्मोनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, म्हणूनच मात्रेत बदल केल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, त्याआधी तपासून हाती फारसे काही लागत नाही. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम. तुमच्या शेजारीण किंवा नात्यातील कोणाला थायरॉइडच्या कर्करोगासाठी हीच गोळी चालू असेल आणि त्यांचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवला जात असेल, तर त्यांच्याशी तुलना करू नका. तुमचा टीएसएच नेहमीच्या मर्यादेत असणे हेच तुमच्यासाठी योग्य आहे. ही गोळी मात्र आता आयुष्यभर घ्यायची आहे आणि बरे वाटते म्हणून ती बंद करायची नाही. तुमच्या सगळ्या तक्रारींपैकी कायमची म्हणून आजच सांगता येईल अशी ही एकच गोष्ट आहे.

घरचे आता दूध आणि नाचणी वाढवायला सांगतील. नाचणी जरूर खावी, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण पीटीएच नसताना आतडे त्यातले थोडेच शोषते आणि मूत्रपिंड शोषलेलेही धरून ठेवत नाही. त्यामुळे नाचणीची भाकरी औषधाच्या जागी चालणार नाही.

टेन्शनविषयी दोन शब्द लिहितो. कॅल्शियम कमी झाले की जीव घाबरा होतो, चिडचिड होते, झोप लागत नाही आणि डोके सुन्न झाल्यासारखे वाटते. घाबरल्यावर माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील आम्लता बदलते आणि मोकळे कॅल्शियम आणखी घटून मुंग्या वाढतात. म्हणजे मन आणि शरीर इथे एकमेकांत गुंतलेले असतात हे खरे, पण सुरुवात मनातून झाली असे धरून चालणे धोक्याचे आहे. पूर्ण थायरॉइड काढलेल्या बाईला ओठांभोवती मुंग्या येत असतील तर कॅल्शियम तपासल्याशिवाय तिला टेन्शनचे निदान देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हे कायमचे आहे का? पाच आठवड्यांवरून ते ठरवता येत नाही. पॅराथायरॉइड बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. पूर्वी सहा महिन्यांनंतरही औषधे लागत असतील तर त्रास कायमचा समजत, आता अनेक तज्ज्ञ १२ महिने थांबतात. सरावातल्या हातांत, संपूर्ण ग्रंथी काढलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एक ते तिघांनाच हा त्रास कायम राहतो. तुमचा पीटीएच थोडा जरी मोजता येण्याजोगा आला, तरी ती चांगली खूण मानावी. अगदीच कमी आला तर निराश होऊ नये, मात्र पाठपुरावा अधिक काटेकोर ठेवावा लागेल.

बहुधा तुमच्या बाबतीत झाले असे, की ग्रंथी पूर्ववत होण्याआधीच १५ दिवसांच्या गोळ्या संपल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याऐवजी एकदम थांबल्या. डिस्चार्ज कार्ड काढून पाहा. त्यावर पुन्हा तपासणीला येण्याची तारीख लिहिलेली असण्याची शक्यता आहे आणि घराच्या धावपळीत ती निसटली असेल. यापुढे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल कमी करायचे झाल्यास ते अहवाल पाहून, थोडे थोडे आणि डॉक्टरांच्याच सांगण्याने कमी व्हावे.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. मुंग्यांच्या भीतीने स्वतःच जास्त कॅल्शियम घेत राहणेही बरे नाही. पीटीएच नसताना मूत्रपिंड कॅल्शियम लघवीवाटे सोडत राहते. अशा वेळी रक्तातले कॅल्शियम नॉर्मलच्या मधोमध किंवा वर आणायचा हट्ट धरला तर मुतखडा होऊ शकतो आणि वर्षानुवर्षांत मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. म्हणून औषधे दीर्घकाळ लागली तर कॅल्शियम नॉर्मल मर्यादेच्या खालच्या कडेला ठेवतात. बहुतेक प्रयोगशाळांत ही मर्यादा दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते, तेव्हा तुमचा आकडा ८.६ असेल आणि त्रास नसेल, तर कमी आहे म्हणून घाबरू नये. अशा रुग्णांनी २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मधूनमधून तपासावे आणि हा पाठपुरावा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, ठेवावा. साताऱ्याहून पुण्याला दर खेपेस जाणे शक्य नसेल, तर वर्षातून एक-दोनदा जाऊन मधल्या तपासण्या जवळच्या प्रयोगशाळेत करता येतात.

आता आवाज. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत घसा बसणे नेहमीचे आहे, कारण भूल देताना घशातून नळी घातलेली असते आणि गळ्याचे स्नायूही बाजूला केलेले असतात. पण पाच आठवडे आवाज बसलेला असणे आणि पातळ पाण्याचा ठसका लागणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की स्वरयंत्राला हलवणाऱ्या मज्जातंतूविषयी शंका घ्यावी लागते. हा तंतू छातीतून वर येऊन थायरॉइडला अगदी चिकटून स्वरयंत्रात शिरतो. तो ताणला गेला तर त्या बाजूची स्वररज्जू हलत नाही, दोन्ही रज्जू जुळत नाहीत, हवा निसटते आणि पाणी चुकीच्या वाटेने जाते. ताणलेला तंतू बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत सावरतो, कधी वर्षही लागते. कायमची इजा सरावातल्या सर्जनकडे शंभरात एखाद्या रुग्णालाच होते.

म्हणून दुसरा फोन कान-नाक-घसा तज्ज्ञांना करावा. बारीक लवचिक दुर्बीण नाकावाटे घालून स्वररज्जू हलतात का हे बाह्यरुग्ण विभागातच, दहा मिनिटांत पाहता येते. वर्षभर थांबून पाहू, असे कोणी म्हटले तर थांबणे ठीक आहे, पण न तपासता थांबणे ठीक नाही. दोन्ही रज्जू हलत असतील तर चिंता मिटते आणि वाचा-उपचार पुरतात. एक हलत नसेल तर वाचा-उपचार आताच सुरू करावेत. ठसका फार असेल किंवा शिकवणे अशक्य झाले असेल, तर स्वररज्जूत विरघळणारे द्रव्य टोचून ती मधल्या रेषेकडे आणता येते आणि तंतू सावरेपर्यंत तेवढा आधार मिळतो. वर्षाने सुधारणा झाली नाही तर आवाज सुधारण्यासाठी वेगळी लहान शस्त्रक्रिया आहे. तोवर पाणी पिताना हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घ्यावेत. कुजबुजून बोलू नये, त्याने घशावर ताण उलट वाढतो. वर्गात कंबरेला लावायचा छोटा माइक वापरावा, तो मिळवून द्यावा अशी विनंती मुख्याध्यापकांना करायला संकोचू नका.

आणखी एक लहान तंतू असतो, जो आवाज उंच पट्टीत चढवतो. तो दुखावला तर बोलणे ठीक राहते, पण परिपाठाची प्रार्थना वरच्या सुरात म्हणता येत नाही आणि आवाज लवकर थकतो. सर्जन मंडळींत हा तंतू अमेलिता गाली-कुर्ची या ऑपेरा गायिकेच्या नावाने ओळखला जातो. १९३५ मध्ये त्यांची गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात आवाज गेला, अशी आख्यायिका रूढ झाली. तो खरोखर त्या शस्त्रक्रियेनेच गेला का, याविषयी नंतरच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. तुमची दुर्बिणीची तपासणी नॉर्मल येऊनही वरचे स्वर लागत नसतील, तर हे तज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण साध्या तपासणीत ही इजा सहज निसटते.

जखमेविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणजे ती भरली असावी. गिळताना गळ्याची कातडी ओढल्यासारखी वाटली तर ते काही महिन्यांत सैल होते.

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण तो प्रश्न मुळात चुकीचा नाही. साधी गाठ म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, निरुपद्रवी गाठ नव्हे. तुमची श्वासनलिका सरकली होती, गाठ छातीत उतरली होती आणि झोपेत श्वास अडत होता. अशी गाठ गोळ्यांनी बसत नाही आणि पुढे ढकलत राहिल्यास शस्त्रक्रिया अधिक कठीण होत जाते. गाठी दोन्ही बाजूंना असल्याने एकच बाजू काढून भागले नसते. थोडा भाग मागे ठेवण्याची जुनी पद्धत होती, पण तो भाग पुढे वाढला की दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि चिकटलेल्या जागेत तंतू व पॅराथायरॉइड या दोहोंना धोका वाढतो. त्यामुळे तुमचा निर्णय माझ्या मते योग्य होता. कर्करोग निघाला असता तरच तो योग्य ठरला असता, असे नाही. सासूबाईंना सीटी स्कॅनची फिल्म दाखवा, त्यातली वाकलेली श्वासनलिका न सांगताही कळते.

पण त्यांच्या प्रश्नामागचे शहाणपण नणंदेच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. कर्करोगात रुग्ण काही धोके पत्करतो, कारण समोर मोठा धोका असतो. साध्या गाठीत तसा मोठा धोका नसेल, तर शंभरात एक ते तिघांना होणारा कायमचा त्रासही महाग पडतो. नणंदेची गाठ १८ मिलिमीटरची, सुईच्या तपासणीत साधी, टीएसएच नॉर्मल आणि तक्रार काहीच नाही. एवढ्या माहितीवर संपूर्ण ग्रंथी काढण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांनी सोनोग्राफीचा मूळ अहवाल घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. सोनोग्राफीत गाठीचे रूप संशयास्पद असेल तर सुईची तपासणी पुन्हा करतात. नसेल तर वर्ष-दोन वर्षांनी सोनोग्राफी करून गाठ वाढते का एवढे पाहिले तरी चालते. कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी १९०९ चे नोबेल मिळाले, पण संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांचे काय होते हे दिसल्यावर १८८३ मध्येच त्यांनी साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले होते. तेव्हा थायरॉइडची गोळी नव्हती, आता आहे. पण गोळी मिळते म्हणून निरोगी अर्धी ग्रंथी काढून टाकावी, असे होत नाही.

पुढे गाठ वाढली, गिळायला त्रास होऊ लागला किंवा सुईच्या तपासणीत शंका आली, तर एका बाजूची ग्रंथी काढणे बहुधा पुरते. दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइड आणि तंतू यांना हात लागत नाही, त्यामुळे कॅल्शियमचा कायमचा त्रास जवळजवळ होतच नाही, आणि थायरॉइडची गोळी साधारण चार-पाच जणींमागे एकीलाच लागते. त्या वेळी सर्जनना थेट विचारावे की वर्षाला ते अशा किती शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात वर्षाला २५ हून अधिक थायरॉइड शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांना गुंतागुंत कमी होते, असे दिसले आहे. प्रश्न उद्धटपणाचा वाटेल, पण चांगले सर्जन त्याचे उत्तर न रागावता देतात. शस्त्रक्रियेआधी स्वररज्जूंची दुर्बिणीने तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहून घ्यावी. पहिल्या रात्री रुग्णालयातच राहावे, कारण गळ्यात आतून रक्तस्राव होऊन श्वास कोंडण्याचा प्रसंग शंभरात एखाद्यावरच येत असला तरी तो बहुधा पहिल्या २४ तासांतच येतो आणि तेव्हा टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात.

तुमचे रक्ताचे अहवाल आल्यावर त्यांची एक प्रत नणंदेच्या फाइलमध्येही ठेवायला सांगा. दुसऱ्या तज्ज्ञांकडे जाताना तुम्हीही त्यांच्यासोबत गेलात, तर संपूर्ण ग्रंथी काढल्यावर काय काय निभवावे लागते हे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.